कॅप उलटी करून बघा: दाताच्या दवाखान्याशी वाद झाला तर

आमच्या देवघराच्या खालच्या खणात कुंकवाची एक रिकामी डबी आहे. तिच्यात माझ्याच दाढेची कॅप आहे, मधोमध कापलेली, दोन तुकडे. बाहेरून दातासारखी पांढरी, आतून जुन्या टोपासारखी करडी. ह्या डबीमुळे माझे साडेअकरा हजार रुपये परत आले, तेही कोर्टाची पायरी न चढता. बायको म्हणते, टाका आता ती, देवाजवळ कसलं ठेवताय. पण पोस्टातल्या माणसाला पोच टाकवत नाही.

मी गुहागर तालुक्यातला. चौतीस वर्षं पोस्टात काढली, निवृत्त झालो, तरी गावात अजून ‘मास्तर’च. कुणाला अर्ज लिहून हवा असला की पडवीत येऊन बसतो. माझी कॅपची गोष्ट नाक्यावर पोचल्यापासून तिघेजण दाताच्या दवाखान्याचं गाऱ्हाणं घेऊन येऊन गेले. तिघांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे चौथ्याला पडवीत यायला नको.

आधी माझं काय झालं ते. २०२५ च्या फेब्रुवारीत उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात रूट कॅनल करून घेतलं, म्हणजे मुळांतली नस काढून ती पोकळी भरून घेतली. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. “काका, झिरकोनियाची कॅप घाला, मग बघायला नको.” रूट कॅनलचे पाच हजार रोख दिले, पावती मागितली नाही. कॅपचे नऊ हजार मुलाने मुंबईहून फोनवरून पाठवले. जुलैत, धो धो पावसात, दाढेखाली हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी आली. दाबली की खारट पू. दोनदा गेलो, दोनदा गोळ्या. तिसऱ्यांदा सांगितलं की दाढ काढावी लागेल, तिथे इम्प्लांट म्हणजे हाडात रोवलेला खोटा दात बसवू, पस्तीस हजार. आणि वर, “काका, चिंबोऱ्या फोडल्या असतील दातांनी.” फोडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण डाव्या बाजूने.

भांडण नेमकं कशाचं

दवाखान्यातून रागाने बाहेर पडलेला माणूस म्हणतो, “डॉक्टरने माझा दात घालवला.” ह्या वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. दात कशाने गेला हे सिद्ध करायला दुसरा डॉक्टर लागतो, आणि दुसरा डॉक्टर पहिल्याविरुद्ध सहसा लिहून देत नाही.

शिवाय प्रत्येक बिघाड म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. रूट कॅनलनंतर दोन-तीन दिवस दाढ दुखणं, दाढ काढल्यावर तिथली जखम कोरडी पडून ठणकणं, रूट कॅनल करताना बारीक सुई म्हणजे फाइल मुळात तुटणं, हे चांगल्या हातूनही होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हेच धरलं: अपेक्षित गुण आला नाही म्हणून डॉक्टर दोषी होत नाही, त्या शिक्षणाच्या साधारण डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, एवढंच बघायचं. मात्र फाइल तुटली आणि तुम्हाला सांगितलंच नाही, तर गोष्ट बदलते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटीच मानली आहे.

मग भक्कम काय असतं? चुकीची दाढ काढली. एका दाताचं सांगून न विचारता दुसऱ्यालाही हात घातला. संमतीबाहेरचे उपचार करता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट आहे. एका मालाचे पैसे घेऊन दुसरा माल बसवला. पावती दिली नाही. हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. हे सगळं कागदावर किंवा हातात धरून दाखवता येतं.

माझ्या वादाचे मी दोन ढीग केले. एका ढिगात रूट कॅनल नीट झालं नाही हे. ते मला वाटत होतं, पण दाखवता येणं अवघड. दुसऱ्या ढिगात कॅप. त्या ढिगात काय निघेल ह्याची मला तेव्हा कल्पनाही नव्हती. पण एक सांगून ठेवतो: दुखणं दुसऱ्याला दाखवता येत नाही, वस्तू दाखवता येते. ज्या ढिगात वस्तू आहे तोच पुढे करा.

कागद, आणि आपला पाऊस

दवाखान्यात पुन्हा आवाज चढवायच्या आधी कागद गोळा करा. आवाज चढला की कागद मिळत नाहीत.

केसपेपर, औषधाची चिठ्ठी, उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, कॅपचं बिल. हल्ली एक्स-रे संगणकावरच निघतो, दवाखान्यातली मुलगी तो व्हॉट्सॲपवर पाठवते. नाही पाठवला तर मागा. दंतवैद्यांसाठी २०१४ ची आचारसंहिता आहे. रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षं जपून ठेवायच्या आणि मागितल्यावर द्यायच्या, हे त्यात आहे. मी डॉक्टरांशी बोललोच नाही. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, “बाय, मुलगा मुंबईला दाखवणार म्हणतो, तेवढे फोटो पाठव.” पाच मिनिटांत आले.

झिरकोनियाच्या कॅपबरोबर बऱ्याचदा लॅबचं एक कार्ड येतं, क्रेडिट कार्डासारखं. त्यावर रुग्णाचं नाव, दाताचा नंबर, वॉरंटीची वर्षं. मला ते कधी मिळालं नव्हतं, आणि असं काही असतं हेही ठाऊक नव्हतं.

केसपेपरवरचे आकडे वाचायला शिका. दाताला दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा तोंडाचा चौथा भाग: १ म्हणजे वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे. दुसरा आकडा पुढून मोजत मागे. माझी दाढ ४६, म्हणजे खाली उजवीकडची सहावी. तिघांपैकी एका बाईंच्या कागदावर ३६ लिहिलं होतं आणि भरलेली दाढ उजवीकडची होती. ती चूक लिहिण्यातली निघाली, पण बघितल्याशिवाय कळली नसती.

रोख दिलेल्या पैशाची पावती नसेल तर तारखेसह मेसेज टाकून ठेवा: “डॉक्टर, १२ तारखेला रूट कॅनलचे ५,००० रोख दिले होते, त्याची पावती हवी आहे.” उत्तर ‘हो, देतो’ आलं तरी तो पुरावा झाला. मी असंच केलं. उत्तर आलं, “काका, पुढच्या वेळी याल तेव्हा.”

आणि आपल्याकडच्या हवेचं भान ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातला कागद ओला होतो, त्याला बुरशी धरते, एक्स-रेच्या फिल्मी एकमेकींना चिकटतात. छापील पावत्या त्या गुळगुळीत कागदावरच्या असतील तर वर्षभरात कोऱ्या होतात. आमच्या काउंटरवरच्या पावत्यांचं तेच व्हायचं. मिळाल्या दिवशी झेरॉक्स काढा, फोटो काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवा. पोटमाळ्यावर नको.

शेवटी एका पानावर तारखा लिहा. कधी गेलो, काय केलं, काय बोलले, किती दिले. विशेषणं नकोत. माझं पान सतरा ओळींचं होतं आणि त्यात ‘फसवणूक’ हा शब्द एकदाही नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरकडे काय मागायचं

त्याच गावातल्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊ नका. दोघे एकाच लॅबकडून कॅपा घेतात, एकाच लग्नाला जेवतात. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. किंवा दंत महाविद्यालय गाठा. रत्नागिरी जिल्ह्यात ते खेडला आहे, मुंबईला जाणं होत असेल तर सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायरचं. मी सकाळची एसटी धरून चिपळूणला, तिथून परशुराम घाट चढून खेडला.

तिथे गेल्यावर पहिल्या डॉक्टरची निंदा सुरू करू नका. मास्तरकीतला अनुभव सांगतो, काउंटरवर जो आधी भांडतो त्याचा अर्ज शेवटी निघतो. मी एवढंच म्हटलं, “मॅडम, काय दिसतं ते बघा, आणि दिसतं तेवढंच लिहून द्या.” ‘चूक कुणाची’ हे कुणी लिहून देणार नाही, ‘काय दिसलं’ हे लिहायला कुणाची हरकत नसते.

एक्स-रे लावल्यावर मॅडमनी पेनाच्या टोकाने दाखवलं. रूट कॅनल भरलेलं एक्स-रेत पांढऱ्या रेघेसारखं दिसतं आणि ती रेघ मुळाच्या टोकाजवळ पोचायला हवी. पुढच्या मुळात पोचली होती. मागच्या मुळात निम्म्यावरच थांबली होती, आणि त्या मुळाच्या टोकाभोवती काळसर गोल सावली, पुवाची. दाढ काढायची गरज नव्हती. कॅप काढून रूट कॅनल परत करता येण्यासारखं होतं.

कॅप काढायला ती कापावी लागते. इथे मी थांबलो आणि म्हटलं, आधी फोटो काढा, आणि कापलेले तुकडे मला द्या. शिकाऊ मुलगी हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तुकडे कापसावर ठेवले, चिमट्याने एक उलटा केला आणि म्हणाल्या, “झिरकोनिया सांगितली होती ना? ही धातूवर सिरॅमिकचा थर दिलेली आहे.” झिरकोनियाची कॅप आतबाहेर पांढरी असते. हिच्या कापलेल्या कडेला वर नखाएवढा पांढरा थर आणि खाली चकचकीत करडा धातू, करवंटी आणि खोबरं उलटं लावल्यासारखं. केसपेपरवर त्यांनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: ४६ च्या मागच्या मुळातलं भरण आखूड, काढलेली कॅप धातू-सिरॅमिकची. खाली सही, तारीख, नोंदणी क्रमांक. ह्या दोन ओळींसाठी मी दिवस घालवला, आणि त्या दहा पानी तक्रारीपेक्षा भारी ठरल्या.

पत्र

आता पहिल्या दवाखान्याला लेखी कळवायचं. वकिलाची नोटीस लागतेच असं नाही. ग्राहक आयोगात जायच्या आधी नोटीस पाठवण्याची सक्ती कायद्यात नाही, पण पाठवलेली बरी. आपण आधी सरळ मार्गाने गेलो होतो हे दिसतं. माझं पत्र असं होतं:

“मा. डॉक्टर यांस,
दि. … रोजी आपण माझ्या ४६ क्रमांकाच्या दाढेवर रूट कॅनल करून झिरकोनियाची कॅप बसवली व त्यापोटी एकूण १४,००० रुपये घेतले. बिलावर ‘झिरकोनिया’ असे लिहिले आहे. दि. … रोजी ही कॅप अन्यत्र काढावी लागली असता ती धातू-सिरॅमिकची असल्याचे तेथील केसपेपरवर नमूद आहे (प्रत सोबत). मागच्या मुळातील भरण आखूड असल्याचेही नमूद आहे.
कॅपचे ९,००० रुपये, रूट कॅनलचे ५,००० रुपये आणि पुढील तपासणी व प्रवासाचा खर्च २,५०० रुपये, असे १६,५०० रुपये पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत करावेत. आपले म्हणणे वेगळे असल्यास तेही लेखी कळवावे. अन्यथा मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.
आपला,”

एवढंच. शिवी नाही, ‘तुम्हाला बघून घेईन’ नाही. मूळ कागद आणि कॅपचे तुकडे पाठवायचे नाहीत, फक्त प्रती आणि फोटो.

पाठवायचं कसं, हे मात्र माझ्या घरचं शास्त्र. लोक अजून ‘रजिस्टर एडी करा’ म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. चौतीस वर्षं ज्या लांबट निळ्या-काळ्या शिक्क्यांवर पोट भरलं ते असे गेले, असो. काउंटरवर सांगा की स्पीड पोस्ट करा आणि पोचवल्याचा पुरावा हवा. पावतीवरचा नंबर घालून पत्र कुठे पोचलं ते बघता येतं. पोचल्याचं पान मोबाइलवर दिसलं की लगेच त्याचा फोटो काढून ठेवा. दवाखान्याने पत्र घेतलं नाही तर परत आलेलं पाकीट फोडू नका. बंद पाकिटावरचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा उघड्या पत्रापेक्षा जास्त बोलतो.

मधली माणसं

पत्र पोचलं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या वाडीतले एक सद्गृहस्थ आले. डॉक्टरांचे मामा त्यांचे व्याही. “मास्तर, पोरगा नवीन आहे, जाऊ द्या ना.” असे लोक येणारच. त्यांच्याशी भांडू नका, चहा द्या. पण पैशाचा आकडा त्यांच्याशी बोलू नका आणि कागद दाखवू नका. “मी त्यांना लेखी कळवलंय, त्यांनी लेखी कळवावं,” एवढं एकच वाक्य मी तीन वेळा म्हटलं.

दुसरीकडे पुतण्याचं रक्त सळसळलं. चार पोरं घेऊन दवाखान्यात जातो म्हणाला. त्याला बसवून सांगितलं: दवाखान्यातल्या मारझोडीसाठी आणि तोडफोडीसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि मग फिर्यादी ते आणि आरोपी आपण. गावाच्या ग्रुपवर ‘ह्या चोराकडे जाऊ नका’ टाकणंही तसंच. बदनामीचा दावा आपल्यावर येतो.

नाहीच ऐकलं तर

तर आयोग. रत्नागिरीकरांचा रत्नागिरीत, सिंधुदुर्गचा ओरोसला, रायगडचा अलिबागला. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलंय. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं रुग्णालय, सरकारी असो वा खाजगी, तेवढं त्यातून बाहेर. दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मुंबईत दात करून आलेल्यालाही ठाण्या-मुंबईच्या खेपा नकोत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

मुदत दोन वर्षांची. हे नीट लक्षात ठेवा, कारण “या पुढच्या महिन्यात, बघू” करत दवाखाने आणि आपला आळस मिळून दोन वर्षं सहज खातात. समोरच्याला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तज्ज्ञ तपासणी लागली तर पाच. तारखा पडतात, त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. भाऊबंदकीचा दावा तीन पिढ्या चालवणाऱ्या आपल्या लोकांना त्याची काय भीती.

त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघायला हरकत नाही. मराठीत बोलता येतं, नंबर मिळतो, पण त्यांचं काम मध्यस्थीचं, आदेश देण्याचं नव्हे. राज्याची दंत परिषद मुंबईत आहे. ती डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणीवरही कारवाई करू शकते, पण तुमचे पैसे मिळवून देत नाही. पाटीवरचा माणूस खरंच नोंदणीकृत दंतवैद्य आहे का अशी शंका असेल तर मात्र आधी तिथेच विचारा.

माझं मिटलं ते असं

बाराव्या दिवशी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. म्हणाले, लॅबने चुकीची कॅप पाठवली असणार, मलाही कळलं नाही. खरंही असेल. त्यालाही कुणी फसवलं असेल, मी त्याच्या मनात शिरलो नाही. कॅपचे नऊ हजार आणि अडीच हजार खर्च द्यायला ते तयार होते. रूट कॅनलचे पाच हजार नाही. मूळ वाकडं होतं, म्हणाले, शेवटपर्यंत पोचता येत नव्हतं. मग तेव्हाच सांगायचं होतं, हे माझं म्हणणं. त्यावर दहा मिनिटं गेली. शेवटी पाच हजार सोडले. तो पहिल्या ढिगातला भाग होता, आणि त्यासाठी रत्नागिरीच्या खेपा घालायची माझी तयारी नव्हती. तुमची असेल तर सोडू नका.

पैसे द्यायच्या वेळी ते एक छापील कागद पुढे करतात. त्यात ‘माझी कोणतीही तक्रार नव्हती’ असं असतं. मी ‘नव्हती’ खोडून ‘आता उरलेली नाही’ लिहिलं, रक्कम अक्षरी घातली, बाजूला दोघांच्या सह्या घेतल्या, आणि पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाजल्यावरच माझी सही केली.

दिवाळीनंतर खेडला नवी कॅप बसली. ह्या वेळी लॅबचं कार्ड न मागता मिळालं, वर ४६ लिहिलेलं. मॅडमनी निळा कागद दातांत धरायला लावून टकटक चावायला सांगितलं, उंच लागणारी जागा दोनदा घासली, आणि विचारलं, “आता कशाने फोडणार?” म्हटलं, बत्त्याने. कार्ड कुंकवाच्या डबीत मावत नाही, म्हणून डबीखाली ठेवलंय.